कोपर बरगडीला, तळहात छताकडे

२ फेब्रुवारी, सोमवार

प्लास्टर निघालं. आतून उजवा हात सोललेल्या बटाट्यासारखा निघाला. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. मला माहीतच होतं. आमच्या घराण्यात हाडं चांगली.

मग मोडलं कसं, असं हिने विचारलं. स्टूल हललं म्हणून मोडलं. स्टुलावर चढून एका हातावर ट्रे तोलून दाखवा असं तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असंही ती म्हणाली. हा विषय मी बंद केला आहे.

उद्या हॉटेलात रुजू. मी हेड वेटर. सगळे वेटर ट्रे डाव्या तळहातावर घेतात आणि उजव्या हाताने वाढतात. मी डावखुरा, त्यामुळे माझं बरोबर उलटं. ट्रे उजव्या तळहातावर, वाढणं डाव्याने. नवखी गिऱ्हाईकंसुद्धा ओळखतात. आजवर माझ्या ट्रेमधून चमचा पडलेला नाही. स्टुलाचा प्रसंग घरगुती असल्यामुळे धरलेला नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार

किरकोळ अडचण आली. ट्रे घ्यायला हात पुढे केला तर तळहात वर होईना. अंगठा छताकडे आला आणि हात तिथेच थांबला. जोर लावला. हात हलला नाही, चेहरा मात्र लाल झाला. मालक बघत होते. मी म्हटलं, थंडीमुळे. स्वयंपाकघरात थंडी कुठली, असं आचारी उगाच म्हणाला.

मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. अठ्ठावीस तारखेला हॉलमध्ये डॉक्टरमंडळींचं मोठं जेवण आहे. त्या दिवशी ट्रे घेऊन दाखवा, म्हणाले. जमलं तर उत्तम. नाहीतर बदलीला कायम करतो आणि तुम्ही पार्सलच्या खिडकीत बसा.

'बदली' म्हणजे माझा हात मोडल्यावर तात्पुरता घेतलेला वेटर. तिशीचा, अबोल, मला दादा म्हणतो. असे अबोल लोक फार धोक्याचे.

पार्सलची खिडकी म्हणजे भांडी घासायच्या मोरीशेजारचं भोक. तिथे बसून डब्यांना रबर लावायचे. मी! हॉलमध्ये शिरलो की ज्याच्याकडे माना वळतात, तो मी!

संकल्प: अठ्ठावीसच्या आत तळहात छताकडे.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओकडे गेलो. बाई तरुण आहेत, पण आवाज हेडमास्तरांचा. मला खुर्चीत बसवलं, कोपर काटकोनात, मुठीत उभी पेन्सिल. म्हणाल्या, तळहात वर करणं म्हणजे सुपिनेशन, पालथा करणं म्हणजे प्रोनेशन. मनगट ते कोपर यांत दोन हाडं असतात. तळहात वर असला की दोन्ही शेजारी-शेजारी निजतात, पालथा केला की एक दुसऱ्यावर तंगडी टाकतं. माझं हाड महिनाभर प्लास्टरमध्ये तंगडी टाकून झोपलं, आता उठायला तयार नाही. हे मला पटलं. माझा मेव्हणा असाच आहे.

पेन्सिल पूर्ण आडवी झाली तर नव्वद अंश. माझी जेमतेम दहा अंश कलली. मग मी युक्ती केली. कोपर हळूच पोटावर आणलं, अंग उजवीकडे कललं, आणि पेन्सिल एकदम आडवी! बाईंनी माझं कोपर आणि बरगडी यांच्या मध्ये घडी घातलेला पेपर ठेवला. म्हणाल्या, हा पडू न देता करा. पेपर पडला. हल्ली पेपरांत काही राम नाही, पानं फार पातळ असतात.

व्यायाम दिलाय. कोपर बरगडीला चिकटवून, मुठीत छोटी हातोडी धरून, हात सावकाश वळवायचा. दिवसातून तीनदा. मी मनात म्हटलं, पाच वेळा करतो.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

घरात हातोडी नाही. व्यायाम उद्यापासून.

७ फेब्रुवारी, शनिवार

शेजाऱ्यांकडून हातोडी आणली. फार मोठी आहे. बाई 'छोटी' म्हणाल्या होत्या. डॉक्टरी सल्ला मोडणं मला मंजूर नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

मोठी प्रगती! सकाळी कॉफीच्या बाटलीचं झाकण उजव्या हाताने उघडलं. नुसता हात लावला आणि फिरलं. मग जॅमची बाटली, तेलाची बाटली, फुलझाडांच्या खताचा डबासुद्धा. हिला दाखवलं. ती भाजी चिरत होती, मान वर न करता म्हणाली, वा. हिच्या कौतुकात कधी जीव नसतो.

व्यायाम न करता एवढी प्रगती, मग केल्यावर काय होईल? हात बहुधा पूर्ण फिरून मागे जाईल. जपून करायला हवा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

फिजिओबाईंकडे. पेन्सिल पुन्हा दहालाच. मी झाकणांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, घरी अजून कोण असतं? म्हटलं, बायको. त्या हसल्या. तरुण मुलींना आयुष्यातले विजय कळत नाहीत.

बाहेर पडताना बाईंनी मला चालून दाखवायला लावलं. म्हणाल्या, तुमचं पाऊल आतल्या बाजूला कोसळतं, जरा जास्तच. हेही प्रोनेशन, पायाचं. बाहेरच्या कडेवर चालणं म्हणजे सुपिनेशन. बुटाचा तळ कुठल्या बाजूने झिजलाय यावरून कळतं.

मी थक्क झालो. हातात जे तेच पायात. हे शास्त्र माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं की काय? तीस वर्षं लोकांच्या टेबलाखाली बूट बघत उभा राहिलो, आणि कुणी सांगितलं नाही.

हाताचं होईल. आधी पायाचा अभ्यास.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दारातले सगळे बूट-चपला तपासल्या. प्रत्येक जोड दोन्ही हातांत घेऊन उलटा केला आणि तळ पाहिला. हिच्या चपला बाहेरून झिजल्यात: सुपिनेशन. हट्टी माणसांचं असंच असतं. तिला सांगितलं. तिने विचारलं, हाताचा व्यायाम झाला का? विषय बदलणं हासुद्धा सुपिनेशनचाच भाग असावा.

दुपारी हॉटेलात आचाऱ्याचे बूट पाहिले. त्याला वाटलं मी त्यात काही लपवलंय. त्याला प्रोनेशन आहे. सांगितल्यावर घाबरला, पथ्य काय म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, उभं कमी राहा. तो तासभर बसून राहिला. ऑर्डरी तुंबल्या. मालक ओरडले, पण मला नाही, त्याला.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बदली कपडे बदलत असताना त्याचे बूट हाती लागले. आतून साफ बसलेले! भयंकर प्रोनेशन. हा माणूस ट्रे घेऊन चालतो म्हणजे कोसळत्या पायांवर आमच्या हॉटेलची अब्रू चालते. कर्तव्य म्हणून मालकांच्या कानावर घातलं.

मालक ऐकत राहिले. मग विचारलं, माझं काय आहे?

हा आमच्या नात्यातला नवा टप्पा. त्यांना मोजे घालून केबिनमध्ये तीन फेऱ्या मारायला लावल्या. त्यांचे बूट उलटे करून पाहिले. निदान: सुपिनेशन, भार सगळा बाहेरच्या कडेवर. उपाय तिथल्या तिथे केला. जुन्या मेनूकार्डाची चौपदरी घडी करून बुटात बाहेरच्या बाजूने बसवली, म्हणजे पाऊल आत ढकललं जाईल. मालक दोन पावलं चालले. म्हणाले, वेगळंच वाटतंय. मी म्हटलं, सुरुवातीला वाटतं.

आता पार्सलच्या खिडकीत बसवून दाखवा म्हणावं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

ही दोन दिवस बहिणीकडे गेली आहे. सकाळी कॉफीच्या बाटलीचं झाकण उघडेना. जॅमचंही नाही. तेलाचंही नाही. हवेत दमटपणा आहे, झाकणं फुगली असणार. दूध पिऊन कामावर गेलो.

मालक लंगडताहेत. पायाला नवी सवय लागतेय, चांगलं लक्षण आहे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

ही आली. हवा लगेच कोरडी झाली. सगळी झाकणं पुन्हा उघडतात.

मालकांचा घोटा सुजला.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फिजिओबाईंना मालकांची केस सांगितली. त्यांनी मला माझेच बूट दोन हातांत धरून उलटे करायला सांगितले. मग म्हणाल्या, आता अंगठ्याची बाजू कुठे आली बघा. पाहिलं. आतली बाजू बाहेर आली होती, बाहेरची आत. बूट उलटे केले की बाजू बदलतात, हे कुठल्याही पुस्तकात ठळक छापायला हवं.

म्हणजे बायको, आचारी, बदली आणि मालक, सगळ्यांचं निदान नेमकं उलटं. मालकांचं पाऊल आधीच आत कोसळत होतं आणि मी मेनूकार्ड घालून त्याला अजून आत लोटलं. तत्त्व बरोबर होतं. दिशा तेवढी चुकली.

बाईंनी विचारलं, आणि हाताचा व्यायाम? मी म्हटलं, चालू आहे. पेन्सिल दहा. बाई म्हणाल्या, आता लवकर नाही केलं तर हा हात असाच आखडेल, मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही. जरा टाकून बोलल्या. पण मला रात्रीचं जेवण गेलं नाही, हे खरं.

मालकांच्या बुटातलं मेनूकार्ड गुपचूप काढलं. मला वाटतं त्यांना कळलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आठवडा उरला. शांतपणे विचार केला. गिऱ्हाईकाला माझं हाड दिसत नाही. त्याला दिसतो सपाट ट्रे. मग हात वळला काय आणि मी वळलो काय?

कोपर पोटावर आणायचं, उजवा खांदा पाडायचा, अंग उजवीकडे कलवायचं. की तळहात सपाट. पहिल्याच दिवशी बाईंनी जी चूक म्हणून हाणून पाडली, ती खरं तर माझी शैली होती.

घरात ट्रेवर पाण्याचे ग्लास ठेवून फेऱ्या मारल्या. थेंब सांडला नाही. ही सोफ्यावरून बघत होती. तिची मानही हळूहळू उजवीकडे कलली. म्हणाली, पण ठेवताना काय करणार? मी म्हटलं, कललेलाच राहणार.

फिजिओ बंद. पैसे आणि वेळ दोन्ही वाचले.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सराव जोरात. आता मी ट्रे नसतानाही आपोआप कलतो. शेजारी भेटले, म्हणाले, ऐकू कमी येतंय का? माझ्या कानाजवळ तोंड आणून त्यांनी मोठ्याने पाण्याच्या टाकीबद्दल सांगितलं.

बदली आज म्हणाला, "दादा, त्या दिवशी जड ट्रे मी घेतो, तुम्ही हलका घ्या." बघा. गोड बोलून काटा काढायचा. मी म्हटलं, सूपचा ट्रे मीच घेणार. भरलेला.

२८ फेब्रुवारी, शनिवार

सविस्तर लिहितो, कारण उद्यापासून लोक वेगवेगळं सांगतील.

हॉल भरलेला होता. मालक काठी टेकत दाराशी उभे. सूपचे सहा बाऊल ट्रेवर. मी कोपर पोटावर आणलं, खांदा पाडला, कललो. ट्रे आरशासारखा सपाट. तळहातावरच्या फोडासारखा जपत पूर्ण हॉल पार केला. माना वळत होत्या, मी पाहिलं. माझ्या उजव्या बाजूच्या टेबलांवरचे लोक मी जवळ आलो की खुर्च्या सरकवत होते, तो त्यांचा आदर. हॉलच्या टोकाच्या टेबलापर्यंत एक थेंब सांडला नाही. हे सिद्ध झालेलं आहे. इथपर्यंत मी जिंकलो होतो.

पहिला बाऊल डाव्या हाताने ठेवला. दुसरा ठेवला. तेवढ्यात त्या टेबलावरच्या एक डॉक्टरीणबाई उठल्या. म्हणाल्या, "अहो, यांना चक्कर येतेय, एका बाजूला चाललेत, धरा." आणि मी काही बोलायच्या आत दोघांनी मला खांद्यांना धरून सरळ केलं.

सरळ झालो तसा हात आपल्या जागी आला. अंगठा छताकडे.

चार सूप. एक टेबलक्लॉथवर, एक फुलदाणीत, दोन डॉक्टरीणबाईंच्या उघड्या पर्समध्ये. त्यांनी आधी माझी नाडी पाहिली, मग पर्स पाहिली. बदली कुठून आला कळलं नाही, नॅपकिन, नवा टेबलक्लॉथ, नवे बाऊल, सगळं त्याने बिनबोभाट केलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मी तसाच उभा, रिकामा हात पुढे, अंगठा वर. डॉक्टरीणबाईंच्या यजमानांना वाटलं मी माफी मागायला हात पुढे केलाय. त्यांनी तो धरून जोरात हलवला. होतं असं, म्हणाले. मग शेजारच्यांनीही हलवला. टेबलावरच्या सगळ्यांनी.

मालक दारातून हे बघत होते.

वैद्यकीय व्यवसायातल्या लोकांना निरोगी माणूस ओळखता येऊ नये, हे दुर्दैव आहे.

२ मार्च, सोमवार

मालकांनी बोलावलं. पार्सलच्या खिडकीची तयारी ठेवून गेलो, रबरांकडे बघायचीसुद्धा हिंमत नव्हती. मालक म्हणाले, बदलीला कायम केलंय. तुम्ही दाराशी उभे राहा, येणाऱ्या-जाणाऱ्याशी हात मिळवा. तुमचा हात त्यासाठी अगदी बरोबर जागी थांबलाय.

हा मान आहे. हॉटेलचा चेहरा म्हणून माझी निवड झाली. ट्रे काय, कुणीही नेतो. कोट मिळाला आहे. घरी येऊन हिला घालून दाखवला. ती म्हणाली, छान दिसताय. मग जरा वेळाने म्हणाली, ट्रेचं वाईट वाटतंय का? मी म्हटलं, छे.

४ मार्च, बुधवार

मानाचं काम. दिवसभर हात मिळवले. दारातून आतला हॉल पूर्ण दिसतो. तो डाव्या तळहातावर ट्रे घेतो. चांगला घेतो. बूट नवे घेतलेत त्याने.

७ मार्च, शनिवार

शनिवारी कोपऱ्यातल्या टेबलावर एक आजोबा जेवायला येतात. जुनं गिऱ्हाईक. मी ट्रेवरून बिल नेलं की टिप त्याच ट्रेवर ठेवायचे, कधी चुकले नाहीत. आज जेवून निघाले, दाराशी थांबले आणि खिशातून नाणी काढून माझ्या हातावर ठेवली.

म्हणजे ठेवायला गेले. माझा हात पुढे होता, पण उभा. अंगठा छताकडे. नाणी हाताच्या कडेवरून घरंगळून पायरीवर पडली. मी तळहात वर करायचा प्रयत्न केला, अगदी दात खाऊन. होईना. डावा हात पुढे करायचं सुचलंच नाही. आयुष्यभर टिप उजवीकडेच आली.

आजोबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना वाटलं मी नको म्हणतोय. त्यांचा चेहरा उजळला. नाणी स्वतः वेचून खिशात टाकली, माझ्या कोटाची कॉलर नीट केली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. आता तुम्ही वेटर राहिला नाहीत."

मग आत जाऊन मालकांनाही सांगून आले, माणूस स्वाभिमानी आहे म्हणून. मालकांनी सगळ्या टेबलांवर सांगितलं. संध्याकाळपासून येणारा-जाणारा माझ्याकडे आदराने बघतो आणि कुणीही खिशात हात घालत नाही.

इथे कोण वाचतंय, म्हणून लिहितो. मला आदर नकोय. मला ट्रे हवाय.

घरी आलो, कोट काढला, हॉलमध्ये दिव्याखाली उभा राहिलो आणि हात पुढे करून वळवायला लागलो. हळूहळू, बाईंनी सांगितलं होतं तसा. आणि वळला. खरंच वळला, तळहातावर उजेड पडलेला दिसला. मी हिला हाक मारली, म्हटलं, बघ, आला वर.

ती दारात उभी राहून बघत होती. मग हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुम्ही कललाय."